बाई बोललीच नाही

आमच्या घरात पाण्याच्या टाकीला जोडलेली एक घंटी होती. तिला ज्याने त्याने आपापलं नाव दिलं होतं. हे, म्हणजे माझे यजमान, तिला अलार्म म्हणत. शेजारच्या काकू भोंगा म्हणत. सासूबाई मात्र तिला ‘बाई’ म्हणत, कारण ती नुसती वाजत नसे, बोलत असे. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली की स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेल्या डबीतून आधी टुणटुण सूर यायचा आणि मग एक बाई शुद्ध हिंदीत सांगायची, ‘पानी की टंकी भर गई है, कृपया मोटर बंद कर दीजिए.’ सासूबाई हातातलं काम टाकून उठायच्या आणि तिला मराठीत उत्तर द्यायच्या, “करते बाई, करते. जीव नको खाऊ.”

बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या थोडं मागेपुढे मी लग्न होऊन राजपुरा मोहल्ल्यातल्या या घरात आले. जिल्हा नवा, मीही नवी. गावात रोज कुठलं तरी नवं ऑफिस उघडत होतं, लोक कुठलं काम कुठे होतं ते एकमेकांना विचारत फिरत होते, आणि मी घरात डाळीचा डबा कुठला आणि पोह्याचा कुठला ते शिकत होते. माझं माहेर तापीपलीकडे, जैनाबादच्याही पुढे, केळीच्या मळ्यात. तिकडे विहिरीवरची मोटर चालू राहिली आणि पाणी वाहिलं, तर ते केळीलाच जायचं. पाणी सांडतं, हा विचारच आम्हाला नव्हता. इथे गच्चीला गच्ची लागून. आमची टाकी भरून वाहिली की पाणी आमच्या गच्चीवरून सरळ काकूंच्या गच्चीवर उतरायचं, आणि काकूंच्या गच्चीवर वर्षातले निम्मे दिवस काही ना काही वाळत असायचं.

सासूबाईंना मी आई म्हणत असे. त्यांच्याविषयी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लग्न ठरलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या मायला वाटत होतं, एवढं चांगलं स्थळ आलंय तर परीक्षा राहू द्यावी. बोलणी चालली होती त्या बैठकीत आईच म्हणाल्या, “पोरीची परीक्षा कधी आहे? मग लग्न त्याच्यानंतर. एवढं तीन वर्षं रांधलं अन् ताट वाढायच्या वेळी चूल विझवायची का?” निकाल लागला तेव्हा मी त्यांची सून झाले होते. त्यांनी गल्लीत घरोघरी दराबा, आमच्याकडची ती तुपातली मिठाई, वाटला आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं, “आमची सून सायन्सची ग्रॅज्युएट झाली.” त्या स्वतः आठवीपर्यंत शिकलेल्या. नंतर मला एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा सकाळचा डबा त्याच भरून द्यायच्या. आज मी जी काही आहे, त्यात त्या डब्याचा वाटा मोठा आहे.

घरातली पाण्याची व्यवस्था आईंकडे होती. नळाचं पाणी सकाळी खालच्या हौदात पडायचं. त्या काळी लाईट ठरल्या वेळी जायची, ती दुपारी परत आली की मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचं. त्या वेळी मी शाळेत, हे कापडाच्या दुकानात, घरात एकट्या आई. रविवारी हे घरी असले की सकाळीच लाईट असताना मोटर लावून घ्यायचे. टाकी एकदा काकूंच्या पापडांवर सांडली, तेव्हा ह्यांनी ही बोलणारी घंटी आणून बसवून घेतली. त्यानंतर बरेच महिने सुखाचे गेले.

मग एका दुपारी टाकी सांडली. काकू गच्चीवरून ओरडल्या, “भाभी, तुमची गंगा आली आमच्याकडे!” आईंनी धावत जाऊन मोटर बंद केली. संध्याकाळी आम्ही घरी आलो तर त्या म्हणाल्या, “बाई बोललीच नाही.”

हे वर गेले. टाकीच्या तोंडाशी दोन बारीक सळया लोंबत असत. पाणी त्यांना लागलं की खाली घंटी बोलायची. ह्यांनी सळया काढल्या, पुसल्या, पाण्यात बुडवल्या. खालून लगेच ‘पानी की टंकी भर गई है’ ऐकू आलं. हे खाली आले आणि आईंकडे न बघता म्हणाले, “ठीक आहे की.”

काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी पाणी काकूंच्या उडदाच्या पापडांवरून वाहून गेलं. पुन्हा संध्याकाळी तपासलं, पुन्हा घंटी स्पष्ट बोलली. ज्याने ती बसवली होती त्या वायरमनला बोलावलं. त्याने वरखाली दोन चकरा मारल्या, सळया पाण्यात घालून पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “भाभीजी, मशीन तो एकदम बढ़िया है. अम्मा को सुनाई नहीं दिया होगा.”

तो हळू बोलला असं त्याला वाटत होतं. आई आतल्या खोलीत होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, “सुनाई दिया भैया, अभी जो बोले वो भी सुनाई दिया!”

आम्ही हसलो, पण गोष्ट हसण्यावारी राहिली नाही. काकूंकडून ती कोणाकोणाकडे गेली आणि शेवटी इंदूरला पोहोचली. इंदूरला माझे जेठ, ह्यांचे थोरले भाऊ, नोकरीला होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांचा फोन आला.

“आई, तुला ऐकू कमी येतं म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“कोण म्हणतं ते सोड. तू इकडे चल आता. फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी आहे. मोटरची भानगड नाही, गच्चीची भानगड नाही. आरामात राहा.”

“अन् मी करू काय दिवसभर तिथे?”

“काही करायचं नाही, हेच तर सांगतोय.”

दादा पुढच्या महिन्यात येणार आणि आईंना घेऊन जाणार, असं त्या फोनमध्ये जवळजवळ ठरूनच गेलं. आईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फोनवरचं फडकं सरळ करत बसल्या. इंदूरला जायला त्यांची ना नव्हती. पाहुणी म्हणून त्या आनंदाने गेल्या असत्या. पण ऐकू येत नाही म्हणून, एकटी सोडण्यासारखी राहिली नाही म्हणून नेलं, तर त्या परत येणार नव्हत्या, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

हे म्हणाले, “आई, डोक्याला ताप नको. उद्या नवीन अलार्मच घेऊन येतो. विषय संपला.”

“नको.”

“का?”

“तू नवीन आणशील, ती बोलेल, चांगलं होईल. पण जुनी खोटी होती का मी, ते कोण सांगेल मग? मी जन्मभर बहिरीच राहीन ना.” त्या माझ्याकडे वळल्या. “तू सायन्सची आहेस. शोधू आपण.”

मला तोवर घरातल्या कोणी असं काही काम सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं, पण मनात धाकधूक होती. शोधून काढलं आणि दोष घंटीत नाहीच निघाला तर? तो प्रश्न आईंनीच मला विचारला आणि त्यांनीच उत्तरही दिलं. “निघाला नाही तर मी बॅग भरते. पण कळल्याशिवाय नाही.”

त्या रविवारी त्यांनी पहिलं काम काढलं ते स्वतःच्या कानांचं. मला म्हणाल्या, “मी इथं स्वयंपाकघरात बसते. तू वर जा. वाटेल तेव्हा सळया पाण्यात घाल, वाटेल तेव्हा काढ. मी जिन्यातून ओरडते.”

मी लोटाभर पाणी घेऊन गच्चीवर बसले. सळया बुडवल्या. खालून आवाज आला, “बोलली!” काढल्या. “थांबली!” पुन्हा बुडवल्या. “बोलली!” मग मी मुद्दाम काहीच केलं नाही. लोटा बाजूला ठेवून नुसती बसून राहिले. समोरच्या गच्चीवर कोणी तरी गहू वाळत घातले होते, त्यावर कबुतरं उतरली होती. बराच वेळ गेल्यावर जिन्यातून आवाज आला, “अगं, झोपलीस का काय वर?”

मी हसत खाली आले. म्हटलं, “आई, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

“थांब. अजून झालं नाही.” त्यांनी मिक्सरमध्ये शेंगदाणे घातले. “आता जा वर.”

या वेळी मी सळया बुडवल्या आणि वाट पाहिली. काहीच उत्तर नाही. पुन्हा बुडवल्या. उत्तर नाही. खाली आले तर मिक्सर चालू आणि आई डबीकडे डोळे लावून उभ्या. बटण बंद करून त्यांनी विचारलं, “बोलली का?”

“दोनदा बोलली असणार.”

“मला नाही आलं ऐकू.” त्या मिक्सरपासून बाजूला झाल्या. “आता तू इथं उभी राहा. मी वर जाते.”

मिक्सर चालू असताना मलाही काही ऐकू आलं नाही. मला बरं वाटलं. आई मात्र म्हणाल्या, “दादाला हे सांगायचं. मिक्सर चालू असला की मला बाई ऐकू येत नाही.”

“आई, कोणालाच येत नाही.”

“मग तेही सांगायचं.”

मी शाळेत मुलांना शिकवत होते की प्रयोगात आपल्याला हवं तसं उत्तर आलं नाही तरी ते लिहायचं असतं. मुलं ते वाक्य पाठ करायची. मीही पाठच केलं होतं. स्वतःची बाजू लंगडी होईल असा पुरावा कोणी आपणहून पुढे ठेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसरं काम माझं. माझं विज्ञान कॉलेजात हिंदीतून झालेलं. ‘विद्युत धारा’, ‘परिपथ’, ‘प्रतिरोध’ हे शब्द मला येत होते, पण ते आईंना मराठीत कसे सांगायचे ते कळेना. मी म्हटलं, दोन सळया एकमेकींना लागत नाहीत, मध्ये अंतर आहे. पाणी आलं की विजेला एका सळईतून दुसरीत जायला वाट मिळते, मग खाली घंटीला कळतं.

“म्हणजे पाणी निरोप्या झाला,” आई म्हणाल्या. “एकीचा निरोप दुसरीला सांगणारा.”

“हो.”

“मग निरोप पोहोचला नाही तर दोन कारणं. एक तर निरोप्या गेला नाही, नाही तर वाटेत अडला.”

एवढं स्वच्छ मी वर्गात कधी सांगू शकले नव्हते. मी आधी पहिलं कारण धरलं. आमच्या गावचं पाणी जड. भांड्यात पाणी उकळलं तर तळाशी पांढरा थर धरतो, नळाच्या तोटीला पांढरी दाढी येते. सळयांवरही तसाच थर चढला होता. मला वाटलं, हाच तो दोष. थर जाड झाला, पाणी सळईला लागेना, निरोप जाईना. मी लिंबू पिळून सळया भिजत ठेवल्या, घासल्या, त्या नव्या सुईसारख्या चमकायला लागल्या. आईंना दाखवल्या. त्या म्हणाल्या, “सुंदर. पण थर तर रोजच होता ना? मग ती एक दिवस बोलते अन् एक दिवस नाही, असं का?”

तरी आम्ही आशा धरली. मधले काही दिवस घंटी नीट बोलली. मला वाटायला लागलं की जमलं.

मग एक सोमवार आला. शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते. सोमवारी आईंची महादेवाची पूजा असायची. सोमवारी आणि उपवासाच्या दिवशी त्या पूजेला वेगळं सुती नऊवारी लुगडं नेसत, पूजा आणि नैवेद्य आटोपला की ते स्वतः धूत आणि स्वतःच गच्चीवर वाळत घालत. कोणाचा हात लागू नये म्हणून त्याची दोरी वेगळी, डोक्याच्या बरीच वर, आणि लुगडं त्यावर काठीने टाकायचं. सोवळं. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. सुरुवातीला त्या दोरीखालून जाताना मी उगाचच वाकून जायची.

दुपारी लाईट आली. आईंनी मोटर लावली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात डबीच्या बरोबर खाली मेथी निवडत बसलो. मिक्सर बंद, दार उघडं. मोटरची घरघर चालू होती. थोड्या वेळाने वरून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला, आधी थोडा, मग धो धो.

आईंनी माझं मनगट धरलं. “ऐकतेस?”

“पाणी सांडतंय.”

“अन् बाई?”

मी डबीकडे पाहिलं. “बाई गप्प आहे.”

“बघ! बघ, मी काय सांगत होती! गप्प आहे ना? तुलाही नाही आलं ना ऐकू?”

मी मोटर बंद करायला उठले. त्यांनी मला खाली बसवलं. “थांब. नीट ऐकून घे. मागून म्हणशील, भास झाला.”

तिकडून काकूंची हाक आली. “भाभी! मोटर! अहो भाभी!”

आई खिडकीशी गेल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. “सांडू द्या हो जरा! आमची बाई मुकी आहे!”

“बाई मुकी अन् तुम्ही वेड्या!” काकू ओरडल्या. “माझ्या शेवया भिजून राहिल्या!”

तेव्हा कुठे आईंनी मोटर बंद केली. मी जिन्याकडे धावले. मागून आईंनी बजावलं, “वर जा, पण हात लावू नको कशाला! तुझा नवरा येतो अन् आधी सळया काढतो, पुसतो, मग बुडवतो. वायरमननेही तेच केलं. दोष काय हात जोडून उभा राहील का, की या, पकडा मला?”

वर सळया पाण्यात पूर्ण बुडालेल्या होत्या. स्वच्छ, चमकत. निरोप्या जागेवर होता. म्हणजे निरोप वाटेत अडत होता. आई धापा टाकत जिना चढून आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“काल बोलली होती?”

“काल सकाळी ह्यांनी मोटर लावली तेव्हा बोलली.”

“मग काल अन् आज, काय वेगळं आहे इथे? एक एक बघ. लोणचं नासलं म्हणून सगळा मसाला बदलायचा नसतो.”

मी पाहू लागले. टाकी तीच, पाणी तेच. ऊन आज जास्त होतं, पण मधल्या दिवसांतही असंच कडक होतं आणि तेव्हा घंटी बोलली होती. टाकीपासून निघालेली तार मी डोळ्यांनी धरत गेले. वायरमनने ती जमिनीवरून किंवा भिंतीवरून नेलेली नव्हती. टाकीच्या लोखंडी स्टँडपासून जिन्याच्या खोलीपर्यंत एक दोरी आयती बांधलेली दिसली, म्हणून त्याने तार त्या दोरीलाच जागोजागी सुतळीने बांधून पलीकडे नेली होती. दोरी आज झोळीसारखी खाली आली होती. तिच्यावर नऊवार ओलं लुगडं टपटपत होतं.

मी काही म्हणायच्या आत आईंचीही नजर तिथे पोहोचली होती. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली, दोरीच्या मध्याखाली लावली आणि दोरी वर उचलून धरली.

खालून स्पष्ट आवाज आला, ‘पानी की टंकी भर गई है...’

त्यांनी काठी खाली घेतली. आवाज तुटला. पुन्हा वर. ‘पानी की...’ पुन्हा खाली. गप्प.

आई काठी हातात धरून लुगड्याकडे बघत राहिल्या. मग गच्चीच्या कठड्यावर बसल्या आणि हसायला लागल्या, पदर डोळ्यांना लावावा लागेपर्यंत. “म्हणजे दर सोमवारी मीच तिचा गळा आवळत होती,” त्या म्हणाल्या. “अन् वरून सांगत होती, बाई बोलली नाही, बाई बोलली नाही!”

दोरीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या खोलीपाशी, तारेला एक जोड होता, त्यावर काळी चिकटपट्टी. मी ती सोडून पाहिली. आतली तांब्याची तार तुटलेली होती, टोकं हिरवी पडलेली. लुगड्याचं वजन आलं की ओढ बसून टोकं एकमेकांपासून सुटायची. संध्याकाळी वाळलेलं लुगडं काढलं की दोरी ताठ व्हायची आणि टोकं पुन्हा जुळायची. आम्ही जेव्हा जेव्हा तपासलं, तेव्हा दोरी रिकामी होती. संध्याकाळी तपासलं, रविवारी तपासलं. लुगडं दोरीवर असताना घरात फक्त आई असायच्या. सगळे सोमवार सांडणारे नव्हते, कारण कधी लाईट नसे, कधी हौदात टाकी भरेल एवढं पाणीच नसे. मी हे सगळं आईंना सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं, मग स्वतः म्हणून दाखवलं, म्हणजे दादाला सांगताना चुकायला नको.

ह्यांना संध्याकाळी कळलं तेव्हा ते आधी खूप हसले. मग म्हणाले, “आई, दादाला एवढंच सांग, वायर तुटलेली होती. लुगड्याचं कशाला काढतेस? तो म्हणेल, बघ, हिचंच सोवळं नडलं.”

“नडलंच ना.”

“पण सांगायची काय गरज?”

“अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं तो स्वतःच्या मनाने भरेल,” आई म्हणाल्या. “त्यापेक्षा मीच भरून देते.”

त्यांनी तार दुरुस्त करू दिली नाही. दादा येऊन पाहतील तोवर ती तशीच राहील, असं त्यांनी ठरवलं. तोपर्यंत रोज दुपारी मोटर लावली की त्या छत्री घेऊन गच्चीवर टाकीपाशी बसायच्या, एका हाताने जपमाळ ओढत, नजर पाण्यावर. काकू पलीकडून म्हणायच्या, “काय भाभी, आता तुम्हीच भोंगा झाल्या का?” आई म्हणायच्या, “हो, अन् मला सेल लागत नाहीत.” शेवया भिजल्या त्याबद्दल त्यांनी एक दिवस काकूंकडे बसून त्यांच्या बरोबरीने नव्या शेवया करून दिल्या. ते करताना त्यांनी लुगड्याची गोष्टही स्वतःच सांगितली, त्यामुळे गल्लीत ती त्यांच्याच शब्दांत फिरली.

दादा आले. रिकामी मोठी बॅग घेऊन आले होते. आईंनी त्यांना जेवायला घातलं, विश्रांती घेऊ दिली, आणि मग म्हणाल्या, “आता स्वयंपाकघरात उभा राहा.” तो सोमवार नव्हता. तरी त्यांनी सकाळीच पूजेचं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं होतं. मला म्हणाल्या होत्या, “महादेव समजून घेईल.” टाकी भरलेली होती. त्या वर गेल्या, मी जिन्यात उभी राहिले, दादा डबीखाली.

बाई गप्प होती. मग वरून आईंनी काठीने दोरी उचलली आणि बाई बोलली. दोरी खाली आली, बाई गप्प झाली. असं तीन-चार वेळा झालं. दादा जिना चढून वर गेले. त्यांनी लुगडं पाहिलं, दोरी पाहिली, तुटलेली तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आईंनी त्यांना सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता. शेवटी म्हणाल्या, “मिक्सर चालू असला की मला ही ऐकू येत नाही. तेही खरं आहे. हिलाही येत नाही.”

दादा कठड्यावर बसले. “आई, एवढं सगळं सिद्ध करून दाखवायला तुला सांगितलं कोणी?”

“तूच.”

“मी कधी?”

“बहिरी म्हणालास तेव्हा.”

दादा म्हणाले, “मला भीती वाटते गं. दुपारभर तू एकटी असतेस. तिकडे ऑफिसात बसलो की मनात काय काय येतं.”

“मग भीती वाटते असं म्हण ना,” आई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “भीती वाटते म्हणालास तर मी तुझ्याजवळ चार दिवस येऊन बसेन. बहिरी कशाला म्हणतोस?”

मी तिथे उभी राहू नये असं मला वाटलं आणि मी खाली आले. चहा ठेवला. थोड्या वेळाने दादा खाली आले, पायात चपला घातल्या आणि बाजारातून नवी तार घेऊन आले. ह्यांनी दुकानातून फोन करून विचारलं, वायरमनला पाठवू का, तर दादा म्हणाले, नको, मीच करतो. त्यांनी तार भिंतीच्या कडेने खिळे मारत नेली, दोरीपासून लांब. दोरी काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं नाही. उलट ती सैल झाली होती, ती ओढून पुन्हा घट्ट बांधून दिली. मग टाकीपाशी वाकून सळया पाण्यात सोडल्या आणि गच्चीवरून मोठ्याने ओरडले, “आई, बोलली का?”

“बोलली!” आई डबीखालून म्हणाल्या. “अन् तू जरा हळू बोल. अख्ख्या राजपुऱ्याला ऐकू जाऊन राहिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दादा इंदूरला परत गेले. दिवाळीनंतर आईंनी आपल्या आपण बसने जायचं आणि आपल्याला वाटेल तेव्हा परत फिरायचं, असं दोघांचं ठरलं होतं. आई त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या, पाय धुतले, आणि नळाला किती पाणी आलं ते पाहायला हौदाचं झाकण उचलून वाकल्या.